सहा हजार मिटलेल्या फ्रेमा

१

हे मी हातानं लिहितोय. आपण बोलायचं आणि फोननं टाइप करायचं, अशी सोय आता सगळे वापरतात. मी वापरत नाही.

एकतीस वर्षं मी या शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. तीन संपादकांशी भांडलो. अब्रुनुकसानीचे दोन खटले अंगावर घेतले आणि दोन्ही जिंकलो. मग पानं कमी झाली, माणसं कमी झाली, आणि एका सोमवारी माझ्या टेबलावर दुसराच कुणीतरी बसलेला दिसला. मी त्याच्याशीही भांडलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तनुजा पत्रकारितेच्या वर्गात माझी विद्यार्थिनी होती. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तिचा स्टुडिओ आहे. तिनं बोलावलं, मी गेलो. काम ऐकलं आणि पहिल्याच दिवशी वाद घातला.

एका भाषेतला सिनेमा दुसऱ्या भाषेत नेताना पूर्वी फक्त आवाज बदलायचे. नटाचे ओठ मराठी बोलायचे आणि कानावर हिंदी यायची. आता नव्या आवाजाप्रमाणे यंत्र ओठही बदलून देतं.

"आम्ही फक्त नाकाखालचं बदलतो, सर," तनुजा म्हणाली.

"आणि डोळे?"

"डोळे त्यांचेच राहतात."

"म्हणजे डोळे एक बोलणार आणि तोंड दुसरंच."

"सर, तुम्ही वीस वर्षं राजकारण कव्हर केलंय. तुम्हाला तरी याची सवय पाहिजे."

मी हसलो नाही. मी तिला सुनावलं, की एकतीस वर्षांत न बोललेलं एकही वाक्य मी कुणाच्या तोंडी घातलेलं नाही, आणि म्हातारपणी हा धंदा शिकायची माझी इच्छा नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्ही तोंडं बदलू नका. तुम्ही फक्त तयारी करा. नजर तुमची पक्की आहे."

तयारीचं काम हमालीचं असतं. शूटिंगचं मूळ चित्र आणि मूळ आवाज वेगवेगळे येतात. क्लॅपची पाटी मिटते ती फ्रेम आणि 'टक्' असा आवाज येतो तो क्षण जुळवायचा. पदर, हात किंवा चहाचा कप तोंडाच्या आड येतो तिथं खूण करायची. आणि प्रत्येक नटाच्या दोन प्रकारच्या फ्रेमा वेचून ठेवायच्या : तोंड उघडं आणि तोंड मिटलेलं. यंत्र त्यावरून तो चेहरा शिकतं. सेकंदाला चोवीस फ्रेमा. एकेक बघायची. मी जोडीला वही ठेवली, पेनानं नोंद करायला. जुनी खोड.

हिंदीत न्यायला आलेला पहिलाच मराठी सिनेमा आमच्याच भागात चित्रित झालेला. त्यातली एक म्हातारी अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. घराच्या उंबऱ्यात बसते आणि कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडं बघते. गावातलीच बाई होती, नटी नव्हे. फाईलवर नाव नव्हतं, नुसतं 'म्हातारी, दार' एवढंच. एकूण चार मिनिटं दहा सेकंद. म्हणजे सहा हजार फ्रेमा.

मी सगळ्या पाहिल्या. पूर्ण दिवस गेला. वहीत लिहिलं : 'म्हातारी. ६०००. सर्व मिटलेल्या.' खाली सही केली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णानं हाक मारली. कृष्णा यंत्राकडचं आणि आवाजाचं काम बघतो. पैठणचा, घरात दोन पिढ्या पैठणीचे माग. हातभर पदरात चुकलेला एक धागा लांबून दिसावा, अशी त्याची नजर.

"सर, म्हातारीच्या आठ फ्रेमा सुटल्या तुमच्याकडून."

"कशा सुटल्या?"

"उघड्या हायेत की. दोन हजार दोनशे बारापासून एकोणीसपर्यंत."

मी पाहिलं. ओठ विलग झालेले. फार नाही, उंबऱ्यातून एखादीला हाक मारायच्या आधी होतात तेवढे. आठ फ्रेमा म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांश. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ.

"ही फाईल बदललीय," मी म्हणालो.

"कोण बदलंल सर? आपण दोघंच तर हावोत."

मग आमची जुंपली. मी म्हणालो, कामापुरती केलेली हलकी प्रत कुणीतरी परत बनवली असणार. चोवीसची फाईल पंचवीसनं उघडली की मधल्या फ्रेमा यंत्र स्वतःच्या मनानं भरतं, हे तूच मला शिकवलंस. त्यानं कपाटातून मूळ डिस्क काढली. शूटिंगच्या दिवशी भरलेली, त्यानंतर कुणी हात न लावलेली. तिच्यातही त्याच आठ फ्रेमा. उघड्या.

"व्हतं असं," कृष्णा समजुतीच्या स्वरात म्हणाला. "दिवसभर बघून डोळं थकत्यात."

माझे डोळे थकले नव्हते. पण दुसरं काय म्हणणार? मी वहीतली ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी ओळ लिहिली.

तनुजाला मात्र आनंद झाला. ही बाई कुठंच बोलत नसल्यामुळं तिच्या उघड्या तोंडाचा एकही नमुना यंत्राकडे नव्हता, आणि तो हवाच होता. "बरं झालं, सर. अजून कुठं सापडतात का बघा."

सापडल्या. तिसऱ्या दिवशी एकतीस होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनशे नऊ. मी रोज पहिल्यापासून मोजत होतो आणि रोज आदल्या दिवशी मिटलेल्या म्हणून लिहिलेल्या फ्रेमा उघड्या निघत होत्या. मला स्वतःचा राग आला. साठी आली की माणसं ढिली पडतात, हे मी दुसऱ्यांबद्दल कितीदा बोललो होतो.

कृष्णानं त्या दृश्याचा मूळ आवाज लावून दिला. म्हातारीचा काहीच आवाज नव्हता. चिमण्या, लांबवर एक बैलगाडी, कुणाचं तरी खाकरणं. आणि या सगळ्याच्या खाली एक घरघर, एकसारखी.

"जनरेटर असंल शूटिंगवाल्यांचा," कृष्णा म्हणाला. हेडफोन काढला आणि पुन्हा कानाला लावला. "पर जनरेटर असा ओढल्यावानी वाजत नाय."

आवाजाची खोली आमच्याकडे स्वस्तात केलेली आहे. गादीवाल्याकडून कापसाच्या जाड गाद्या करून घेतल्या आणि चारी भिंतींना ठोकल्या. दार लावलं की बाहेरच्या गल्लीतले हॉर्न बंद होतात. आपलं आवंढा गिळणं ऐकू येतं. त्या दिवशी बाहेर आलो तेव्हा माझ्या जिभेवर काहीतरी चिकटलं होतं. बोटानं काढलं. पांढरा, केसाएवढा तंतू. गादी कुठंतरी उसवली असणार. मी कृष्णाला टाके घालून घ्यायला सांगितलं.

त्यानं सगळ्या गाद्या चाचपून पाहिल्या. "एकबी उसवलेली नाय, सर," तो म्हणाला.

३

आठवड्यानं तनुजानं माझ्यापुढं दोन कागद ठेवले. सिनेमा विकत घेणाऱ्यांना म्हातारीचं गप्प बसणं आवडलं नव्हतं. हिंदीत तिनं एक वाक्य तरी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. आवाज मुंबईची एक बाई देणार. तोंड आम्ही करणार. पहिल्या कागदावर ते वाक्य होतं :

'मुझे किसी से कोई शिकायत नहीं. जो नसीब में था, वो हुआ.'

दुसरा कागद संमतीचा. बाई आठ महिन्यांपूर्वी वारलेली, म्हणून सही मुलीची हवी होती. त्यावर म्हातारीचं नाव होतं : लीलाबाई सखाराम दाभाडे, फुलंब्री.

मी ते नाव दोनदा वाचलं.

"सही तुम्ही आणाल का?" तनुजा विचारत होती. "मुलगी फोनवर जरा खडूस वाटली. तुम्हाला अशा लोकांशी बोलता येतं."

"हे वाक्य घालू नका."

"का, सर? दिग्दर्शकानं खरं वाक्य घेतलंय. त्याच्या फाईलमध्ये कात्रण आहे." तिनं फोनवर त्याचा फोटो दाखवला. "बायलाइन तुमचीच आहे."

आता ते सांगायला हवं.

जानेवारी दोन हजार सहा. फुलंब्रीजवळच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगाखाली सापडून अतुल दाभाडे नावाचा वीस वर्षांचा मुलगा मेला. ढीग दोन मजली असतो. वर उभं राहून कापूस खाली लोटायचा, खालून पट्टा तो आत ओढतो. ढीग खचला आणि मुलगा आत गेला. बाहेर काढला तेव्हा नाका-तोंडात कापूस गच्च बसला होता. मी त्याच्या घरी गेलो. लीलाबाई उंबऱ्यात बसली होती. रडत नव्हती. मी वही काढली तशी म्हणाली, "लिव्हा पेपरवाले दादा," आणि सावकाश, माझा हात थांबेल तिथं थांबत, अकरा ओळी सांगितल्या. ढिगावरच्या दुसऱ्या मजुरानं तिला सांगितलेलं सगळं. नाव घेऊन.

संध्याकाळी कचेरीत मी ते वाचून दाखवलं. वरिष्ठ म्हणाले, नाव गेलं तर नोटीस येईल, पुरावा काय आहे? आईचं काहीतरी साधं घे, दोन ओळी पुरे.

मी भांडू शकलो असतो. एरवी स्वल्पविरामासाठीही भांडायचो. त्या दिवशी मला भांडायचा कंटाळा आला होता. एवढंच. याहून मोठं काही कारण असतं, तर ते मी कधीच सगळ्यांना सांगून टाकलं असतं. मी लिहिलं : 'माझी कुणाबद्दल तक्रार नाही. नशिबात होतं ते झालं, असे मृताच्या आईने सांगितले.' पोलिसांनी ते कात्रण फायलीला लावलं. आईचीच तक्रार नाही म्हटल्यावर प्रकरण अपघात म्हणून मिटलं.

"सर?" तनुजा म्हणाली. "जाताय ना?"

मी जातो म्हणालो.

४

लीलाबाईची मुलगी करुणा एसटीत कंडक्टर आहे. सकाळची सिल्लोड गाडी तिच्याकडं असते. मी दुपारी गेलो तेव्हा खाकी गणवेशातच होती, चुलीपाशी नव्हे, टेबलावर पैशांची पिशवी ठेवून पाणी पीत उभी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी अतुलचा. उंबरा तोच.

ती मला ओळखत नव्हती. तेव्हा बारा वर्षांची होती. मी माझं नाव पुटपुटल्यासारखं सांगितलं, स्टुडिओचं ठळक सांगितलं.

तिनं कागद वाचला. वाक्यावर येऊन थांबली.

"हे कुणी काढलं?"

"पेपरात आलं होतं म्हणे."

"म्हणे!" ती हसली. वाईट हसली. "आईला वाचता येत नव्हतं. कात्रण पत्र्याच्या डब्यात ठेवायची. दर वर्षी अतुलदादाच्या दिवसाला मला म्हणायची, वाच. मी वाचायचे. तिचं आपलं एकच, 'हे मी कवा म्हणले गं?' दर वर्षी. मला वाटायचं, म्हातारी इसरली असंल."

"आणि?"

"आन् काय. रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून वठ हलवायची. आवाज नाय, नुसते वठ. विचारलं तर म्हणायची, पेपरवाल्याला सांगितलं व्हतं ते म्हणती. इसरू नये म्हणून." करुणानं ग्लास ठेवला. "सिनेमावाल्यांनी लई विनवलं, आजी एक डायलॉग बोला. नाय म्हणाली. एकदा बोलले, आता परत नाय. त्यांच्यासमोर तोंड गच्च मिटून बसली. मी तिथंच उभी होते की, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला. वठ जरा बी हलले नाहीत."

मी वाद घालण्याचा प्रयत्न केला. मला तेवढंच येतं. "थोडेफार हलले असतील. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"माझी आई होती साहेब ती. मला नाय कळणार?"

ती समोर बसली. आवाज जरा उतरला.

"एक करा. मी सही करते. पर हे वाक्य नाय. तिनं खरं जे सांगितलं ते घाला, हिंदीत घाला नायतर इंग्लिशमध्ये. त्या पेपरवाल्यानं वहीत उतरून घेतलं होतं, आई सांगायची. लई निगुतीनं लिहीत होता म्हणायची. तिनं मला कधी सगळं सांगितलं नाय. म्हणायची, तू लहान हायेस, मग म्हणायची, तुझी नोकरी हाये. स्टुडिओच्या मॅडम फोनवर म्हणल्या, तुम्ही बी पेपरात होता ना? त्यो माणूस कुठं असतो, काय ठावं हाये का?"

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. खोकला आला आणि थांबेना. घशात काहीतरी मऊ, कोरडं अडकल्यासारखं. तिनं धावत पाणी आणलं.

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नव्हे.

"तुमच्या वठाला कापूस लागलाय," ती म्हणाली.

५

परत आलो तो थेट मशीनपुढं बसलो. दोनशे बारा फ्रेमा मिटलेल्या उरल्या होत्या. बाकीच्यांमध्ये लीलाबाई बोलत होती. सलग चालवून पाहिलं तेव्हा शंकेला जागाच राहिली नाही. सावकाश, मध्ये थांबत, समोरच्याचा हात पुढं सरकू देत. ती लिहून देत होती.

"हिचं नमुन्याचं काम तर झालंच की," कृष्णा म्हणाला, पण त्याला ते आवडलेलं नव्हतं. त्यानं एक फ्रेम मोठी केली. "तेवढं ह्ये काय हाये, सर?"

उघड्या तोंडात, दातांमागं, जिथं अंधार असतो तिथं पांढरं होतं.

"फोकस गेलाय," मी म्हणालो.

"फोकस डोळ्यावर हाये. पापणीचा केस न् केस दिसतोय." त्यानं माझ्याकडं न बघता फ्रेम पुन्हा लहान केली. "मला नका दाखवू ह्ये. माझ्या घरी मागावर सूत असतंय दिवसभर."

शनिवारी तनुजाचा फोन आला. तिनं करुणाला समजावलं होतं : वाक्य नको असेल तर आईचं दृश्यच काढून टाकतील, मग आई कुठंच दिसणार नाही. करुणा रडली म्हणे. बुधवारी येऊन सही करते म्हणाली.

"तुम्हाला जमलं नाही ते मी केलं, सर," तनुजा म्हणाली. अभिमान होता आवाजात. मीच शिकवलेली मुलगी.

म्हणजे बुधवारनंतर लीलाबाई कायमची, जगभर, स्वतःच्या तोंडानं म्हणणार होती की तिची कुणाबद्दल तक्रार नाही.

मी घरी माळ्यावरची पेटी काढली. माझ्या सगळ्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. बातमीदारानं वही फेकू नये, असं वर्गात सांगायचो. जानेवारी दोन हजार सहाची वही सापडली. पानं पिवळी, अक्षर तरुण. अकरा ओळी. मी त्या एकोणीस वर्षांत एकदाही वाचल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी औरंगपुऱ्यात दुकानं उघडायच्या आत मी कृष्णाला बोलावून घेतलं. म्हणालो, म्हातारीचं दृश्य लाव, मी माईकवर एक वाचतो, जुळतं का बघ.

"मराठीत? कशाला?"

"तू लाव."

मी गाद्यांच्या खोलीत शिरलो. दार लागलं. काचेपलीकडं कृष्णा, माझ्यापुढं पडद्यावर लीलाबाई. आता शेवटची एक फ्रेम सोडून सगळ्या उघड्या होत्या. लाल दिवा लागला. मी वाचू लागलो.

'पोरगं ढिगात हाका मारत व्हतं. मुकादमाला ऐकू येत व्हतं. वरच्या गड्यानं वरडून सांगितलं, मशीन बंद करा. मुकादम मालकाकडं बघत व्हता. मालक समोर उभा व्हता. बंद नाय केलं.'

तिचे ओठ माझ्या आवाजावर हलत होते. प ला मिटायच्या बेतात येत होते, आ ला रुंद उघडत होते. यंत्राला मी हात लावला नव्हता. हेडफोनमध्ये कृष्णाचा आवाज आला, "सर, लई भारी. एक फ्रेम इकडं-तिकडं नाय."

मी वाचत राहिलो. नावं आली. वेळ आली. अकरावी ओळ होती, 'ह्ये असंच लिव्हा दादा, कमी-जास्त करू नका.' ती वाचली आणि मी थांबलो.

लीलाबाई थांबली नाही.

पडद्यावर अजून दोन मिनिटं शिल्लक होती आणि ती बोलत होती. वहीत पुढं काही नव्हतं, कोरं पान. मी तोंड मिटून घेतलं. दातावर दात.

"थांबू नका सर," कृष्णा म्हणाला, "चालू द्या तसंच."

मी त्याला हातानं नाही म्हणून खुणावलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता. माझी नजर मीटरवर गेली. आवाज आत शिरला की त्याचा हिरवा पट्टा वर-खाली होतो. खोलीत मी एकटा होतो. तोंड मिटलेलं. पट्टा हलत होता, तिच्या ओठांबरोबर.

काचेपलीकडं कृष्णाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा. माझ्याकडं बघितलं. अशा नजरेनं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. मी मात्र पुष्कळांकडं बघितलं होतं, पत्रकार परिषदांमध्ये.

मी बाहेर आलो तेव्हा तो चपला घालत होता.

"काय ऐकू आलं?"

"तुमचाच आवाज हाये, सर," तो म्हणाला. "मला कशाला विचारता?" आणि जिना उतरून गेला.

मी सहा हजार फ्रेमा पुन्हा पाहिल्या. सगळ्या मिटलेल्या होत्या.

६

ती फाईल मी ऐकलेली नाही. सोमवारी तनुजानं ऐकली असावी. तिचा निरोप आला : 'सर, हे मी कुणाला ऐकवणार नाही. पण उद्यापासून तुम्ही येऊ नका.' बुधवारच्या सहीबद्दल त्यात काहीच नव्हतं.

सोमवारी मी घरात कुणाशी बोललो नाही. घसा बसलाय, असं कागदावर लिहून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, झोपेत तर सारखे बोलत होता. काय बोलत होतो, हे मी विचारलं नाही. त्या रात्री ती दुसऱ्या खोलीत झोपली.

मंगळवारी सकाळी मी मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. ठरवलं होतं ते सोपं होतं. करुणाच्या हातात वही द्यायची, पानावर खूण घातलेली. एक शब्द बोलायचा नाही. मग ती सही करो, वही घेऊन पोलिसात जाओ, माझ्या तोंडावर थुंको.

सिल्लोड गाडी भरलेली होती. मला मधल्या वाटेत उभं राहायला जागा मिळाली. गाडी हर्सूलच्या पुढं निघाली तशी करुणा तिकिटं देत माझ्यापर्यंत आली. ओळखलं तिनं.

"साहेब तुम्ही? उद्या येणारच होते की मी." तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवून थांबली. "कुठलं देऊ?"

मी वही पुढं केली. तिचे दोन्ही हात अडकलेले होते.

"ते मग बघते हो. कुठलं देऊ, फुलंब्री का?"

मी मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "बोला की काका, तोंडात काय गुळणी हाय का?" चार जण हसले. गाडी खड्ड्यात आदळली, मी दांडी पकडली, आणि त्या धक्क्यानं माझे ओठ विलग झाले.

मला 'फुलंब्री' म्हणायचं होतं.

"पोरगं ढिगात हाका मारत व्हतं," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. सावकाश, थांबत थांबत, समोरच्याचा हात पुढं सरकू देणारा. "मुकादमाला ऐकू येत व्हतं." मी तोंड मिटायचा प्रयत्न केला. ओठ माझे नव्हते. नाकाखालचं काहीच माझं नव्हतं. डोळे तेवढे माझे होते, आणि ते करुणाकडं बघत होते. शेजारची बाई बाजूला सरकली. हसणारे गप्प झाले. मालकाचं नाव आलं. एका उतारूनं झटकन मान वळवली.

इंजिनाची घरघर एकसारखी चालू होती, खालून ओढत असल्यासारखी. अकराव्या ओळीपर्यंत मी पोचलो. "ह्ये असंच लिव्हा दादा, कमी-जास्त करू नका."

वही करुणाच्या पायाशी पडली होती. तिनं ती उचलली नाही. ती माझ्या तोंडात बघत होती, दातांमागं. तिला काय दिसलं ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण ती मागं सरकली नाही.

माझी छाती भरून आली. आत कुणीतरी श्वास घेत होतं, पुढचं सांगायला. जे वहीत नव्हतं ते.

करुणानं हात वर केला आणि घंटीची दोरी ओढली. एकदाच.

"गाडी उभी करा," ती ड्रायव्हरला ओरडली. "आन् मशीन बंद करा. बंद करा म्हणते ना! मला ऐकायचंय."

गाडी कडेला घेतली गेली. घरघर थांबली. चाळीस माणसं आणि एकही आवाज नाही.

माझं तोंड उघडंच होतं.